तिसऱ्या टाकीतला दगड

१४ मार्च, शनिवार सकाळ

प्रिय धाकटे,

तुझं पत्र मिळालं. मी बरी आहे. पोरीच्या हाताची सूज उतरतेय हे वाचून जीव भांड्यात पडला. डॉक्टर सांगेपर्यंत तिची बोटं चोळत बसू नकोस.

तू विचारतेस, मत्स्यालयात काम करणाऱ्या मुलीला एवढा मोठा मासा दिसला कसा नाही. दगडमासा दिसत नाहीच. वीतभर खरबरीत अंग, त्यावर शेवाळ वाढतं, आणि अर्धा वाळूत रुतून तो तासन्‌तास हलत नाही. समोरून कोळंबी गेली की पापणी लवायच्या आत गिळतो. पाठीवर तेरा काटे, प्रत्येक काट्याला विषाच्या दोन पिशव्या. म्हणून आमच्याकडे पद्धत आहे: मासे हलवणाऱ्यानं टाकीबाहेरच्या पाटीवर ‘रिकामी’ लिहून सही करायची. त्याशिवाय कोणी आत हात घालायचा नाही.

पाटीवर मावशीची सही होती असं ती म्हणते, आणि मावशीवर आळ घेते म्हणून तू तिच्याशी बोलणं टाकलंस.

बोल तिच्याशी. सही माझीच होती.

मागच्या आठवड्यातल्या मंगळवारी तिसऱ्या टाकीतले दोन्ही मासे मी जाळीनं शेजारच्या टाकीत हलवले. काठीनं डिवचून खात्री करायची, हा नियम मीच घातलेला. पण तीस वर्षं हे मासे सांभाळल्यावर मला कसली खात्री करायचीय, असं वाटलं. नंतर दोघांतला एक खाईना. मी म्हटलं, रुसलाय. पोरगी हसली, “मावशी, तुला घाबरून दगड झालाय तो.”

गुरुवारी तिनं तिसरी टाकी घासायला हात घातला आणि किंचाळली. हात गरम पाण्यात धरून तिला गाडीत बसवलं. परत येऊन त्या रुसलेल्याला काठी लावली. टक्क आवाज आला. दोन दिवस मी दगडाला कोळंबी चारत होते.

मग मी ओल्या फडक्यानं पाटी पुसली. साहेबांना सांगितलं, पोरीनं न विचारता हात घातला. तोंडातून ते इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

सोमवारी ते तिला कामावरून काढणार आहेत. आज दुपारी मी त्यांना सगळं लेखी देतेय. मला काढतील, काढू देत. पण तू तिला खोटारडी म्हणालीस, ते निस्तरणं साहेबांच्या हातात नाही. हे पत्र तिच्यासमोर मोठ्यानं वाच. फोन मुद्दामच केला नाही. तू मध्येच मला सावरून घेतलं असतंस.

उत्तर तू लिहू नकोस. लिहायचं की नाही, ते तिला ठरवू दे.

तिच्यासमोर यायची हिंमत नसलेली,
तुझी ताई