थांबवलेलं बदक

सोमवार, दि. ९ नोव्हेंबर

चि. चिऊ हिस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आत्याने पाठवलेलं खोकं गुरुवारी पोचलं. वस्तू तुझ्या आहेत, म्हणून पोच तुलाच कळवते. आलं ते असं: गेमचं काळं यंत्र एक, वायरीचे रिमोट दोन (पैकी एकाचं एक बटण बसलेलं), टीव्हीला जोडायची वायर एक, गेमची तबकडी एक, तुझा निळा स्वेटर एक, कसर लागलेला. वाहतुकीचे दोनशे दहा आणि खोकं वर आणून देणाऱ्याचे वीस. तो चाळीस मागत होता. "पहिला मजला आहे रे बाबा, डोंगर नाही," म्हटलं, तेव्हा वीस घेऊन खाली उतरला.

आत्या आता मुलाकडे कायमची राहायला गेली. घर सोडताना तुझं सामान आमच्याकडे लावून दिलं. आत चिठ्ठी होती: "वहिनी, हे तिचं. माझ्याकडे होती तेवढी वर्षं तिने हे यंत्र एकदाही लावलं नाही. मी विचारलं की म्हणायची, राहू दे. टाकून मात्र देऊ देईना."

आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, ते कबूल करत नाहीत. माझे गुडघे हवा बदलली की बोलतात. तुझं या वर्षीचं कार्ड मिळालं. "मी बरी आहे. काम चालू आहे." सहा शब्द, मी मोजले. वर नेहमीप्रमाणे एकट्या बाबांचं नाव. आईचं नाव लिहायला शाई जास्त लागते का, असं मनात आलं. लिहिणार नव्हते, लिहिलं गेलं. सतरा वर्षांत तू या घरी दोनदा आलीस, दोन्ही वेळा चपला दाराबाहेर अशा काढल्या होत्यास की परत जाताना पाय सरळ आत जावेत. मी सगळं बघते, बोलत नाही एवढंच.

तर यंत्राचं. बाबा म्हणाले, "ते पेटारं घरात नको." भंगारवाला म्हणाला, चालू असेल तर निराळा भाव, बंद असेल तर वजनावर. चालू आहे की नाही ते कळायला नको का? म्हणून शुक्रवारी, बाबा बाहेर गेल्यावर, कोपऱ्यावरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने धूळ फुंकली, वायर खोचली, आणि ते बदक पडद्यावर आलं. तेच. गळ्यात टाय, पंखात घासणी, समोर खरकट्या ताटांचा ढीग. बेडूक आचारी हातातला डाव आपटून ताल देतो, बदकाने तोच ताल ताट घासून परत द्यायचा. चुकलं की ताट फुटतं आणि बेडूक टोपी काढून फेकतो.

"खेळून बघा की काकू," दुरुस्तीवाला म्हणाला.

"मला काय करायचंय?"

"चालतंय हे बघायला पैसे देताय ना मला? मग बघा."

बघितलं. पाच मिनिटांत एकवीस ताटं फुटली. मी बरोबर तालावर बटण दाबत होते, चिऊ. हात तालाला चुकायचे नाहीत, एवढी भजनं आयुष्यात म्हटली आहेत. तरी ताट फुटायचं. मी त्याला म्हटलं, यंत्र बिघडलंय.

तो हसला. "यंत्र ठणठणीत आहे. तुमचा टीव्ही उशीर करतो. हे जुनं यंत्र, त्याला तो जुना खोक्याचा टीव्ही लागायचा. या पातळ टीव्हीत चित्र जरा मागून येतं. तुम्ही वेळेवर दाबता, हा उशिरा दाखवतो. चित्राकडे बघूच नका, नुसतं ऐका."

माझ्या हातातला रिमोट मांडीवर पडला. त्याला वाटलं वायर ओढली गेली.

हे वाक्य तू या खोलीत किती वेळा बोललीस ते तुला आठवत असेल. तेव्हा हा टीव्ही नवा होता, सवलतीत घेतला म्हणून मला केवढा अभिमान. तू म्हणायचीस, "आई, मी वेळेवर दाबते, टीव्हीच उशिरा दाखवतो." आणि मी म्हणायचे, "नाचता येईना..." पुढचं तुला पाठ आहे.

त्याला पैसे देऊन वाटेला लावलं, दार लावलं आणि पुन्हा बसले. डोळे मिटून बसायची सवय मला आहेच. आवाज बारीक ठेवला, डोळे मिटले, बेडकाचं ऐकलं, आणि एक ताट फुटलं नाही. तुझा जुना खेळ आत तसाच आहे, पाचव्या गाण्यावर थांबलेला. त्याला हात लावला नाही, माझा वेगळा सुरू केला.

शनिवारी पुन्हा लावलं. भंगारवाल्याचा विषय मग मीच काढला नाही. मधेच दूध उतू जायला आलं म्हणून मधलं बटण दाबून आत गेले. गॅस बंद करून बाहेर येते, तर दारात तुझे बाबा. लवकर परतले होते. पडद्यावर बदक एका पायावर, ताट हवेत, सगळं जागच्या जागी. ते पडद्याकडे बघत म्हणाले, "हेच. हेच चित्र होतं त्या दिवशी."

मी म्हटलं, "हो."

"माझी आई आत जीव सोडत होती आणि..."

"थांबवलेलं होतं," मी म्हटलं. "खेळणारं माणूस मधेच उठून गेलं की असं दिसतं. बघा, मी आत्ता दुधासाठी उठले होते."

ते पडद्याच्या आणखी जवळ गेले. मग विचारलं, "उठून कुठे गेली होती ती?"

चिऊ, या प्रश्नाला सतरा वर्षं लागली. आणि उत्तर द्यायला मी एकटीच होते घरात.

तुला सगळं माहीत आहे. तरी एकदा माझ्या हाताने लिहिलेलं तुझ्याकडे असू दे.

मी देवापुढे बसले होते. वाचन चालू असताना एक अक्षर बोलायचं नाही, हा नेम माझ्या आईने घालून दिलेला. तू माझ्या उजव्या हाताला येऊन उभी राहिलीस. "आई, आजीला घाम फुटलाय. तुला बोलावतेय." मी पोथीवरची नजर काढली नाही, हात वर केला. थांब. तू थांबलीस. मग म्हणालीस, "आई, उठ ना." मी डोळे वटारून बोटाने दार दाखवलं. तू गेलीस आणि आजीचा हात धरून बसलीस. तेरा वर्षांची होतीस.

माझी तीन पानं उरली होती. तीन पानांना किती वेळ लागतो ते मी नंतर घड्याळ लावून पाहिलंय. अकरा मिनिटं. मी उठून आत गेले तेव्हा सासूबाई गेल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, थोडं आधी कळलं असतं तर. ते वाक्य कुणाच्या तरी अंगावर पडणारच होतं. बाबा धावत आले, तेव्हा तू बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसली होतीस आणि टीव्ही बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यांनी बदक बघितलं, तुला बघितलं, आणि जे बोलायचं ते बोलले. तू माझ्याकडे पाहिलंस. माझं वाचन संपलं होतं, नेम संपला होता. तरी मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी तू त्यांना सांगितलंस, "बाबा, मी आईला बोलवायला गेले होते." त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "सबबी सांगायची सवयच आहे तिला. परवा नाही का म्हणाली, टीव्ही उशिरा दाखवतो."

महिन्याभरात तुझी आत्याकडे रवानगी झाली. पेटी मी भरली. स्वेटर मीच ठेवला.

तू कार्डं एकट्या त्यांच्या नावाने का पाठवतेस हे मला पहिल्या कार्डापासून ठाऊक आहे. त्यांना खरं माहीत नव्हतं. मला होतं.

शनिवारी हे सगळं मी त्यांना असंच सांगितलं, उभ्याने. ते खुर्चीवर बसले. "मी तिला माझ्या हाताने बसमध्ये बसवलं," म्हणाले. "ती वर बघत नव्हती. मला वाटलं, पोरीला शरम वाटतेय." त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत. ज्या माणसाने जन्मात स्वतःचं ताट उचललं नाही, तो आता जेवण झालं की ताट घासून पालथं घालतो. मी पुढे झाले की बाजूला होतो.

काल रात्री त्यांनी लहान बॅग भरली. तुझं कार्ड वरच्या खिशात ठेवलंय, पत्त्यासाठी. "तिने ये म्हटल्याशिवाय जाणार नाही," हे खिडकीकडे बघून बोलले, पण खिडकीला पत्र लिहिता येत नाही, म्हणून मी लिहिते आहे. ते एकटे येतील. मी येणार नाही. मला बोलवायचं की नाही, याचं ओझंही तू घेऊ नकोस. माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी द्यावं लागेल, आणि तुझ्याकडून मी पुष्कळ घेऊन बसले आहे.

पोथी अजून रोज वाचते. आता दार उघडं ठेवते आणि ठरवलंय, कुणी हाक मारली की अर्ध्यावर उठायचं. कुणी मारत नाही.

यंत्र भंगारात दिलं नाही. पुसून, स्वेटर उन्हात टाकून, दोन्ही बांधून ठेवलंय. हवं असेल तर बाबांच्या हाती पाठवीन.

एवढं वाचलंस तर उलट टपाली कळव. त्यांच्या नावाने लिही, माझी तक्रार नाही. एक शब्द पुरे, ये किंवा नको. त्यांचं लक्ष दिवसभर दाराकडे असतं.

त्या दिवशी तुझी हाक स्वच्छ ऐकू आलेली,
आई