न वाचता काढलेले अकरा मेल

प्रिय रोशनी,

बारा दिवस झाले, तू माझा फोन उचलून नाही राहिली. त्याआधी तुझा एवढाच मेसेज आला होता, 'बाबांना सांग, मला कळलं.' काय कळलं ते मला तेव्हा समजलं नाही वं, ते आत्ता समजलं. म्हणून कागदावर लिहिते आहे. मेलवर माझा आता भरवसा राहिला नाही, आणि पत्र तू निदान फोडून तरी बघशील. तुझे बाबा बरे आहेत. त्यांनी तुला तोडलेलं नाही. पण मला हे पहिल्यापासून सांगू दे, मध्येच फेकून देऊ नकोस.

आमच्या कळमेश्वरच्या कारखान्यात या महिन्यात चौतीस नवे कॉम्प्युटर आले. जुन्यांवरचा मेल नव्यांवर न्यायचं काम कोणाचं, तर माझं, एकटीचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्येकाचा पत्ता, सर्व्हरचं नाव, पासवर्ड टाकायचा, जुने मेल उचलून नव्यात ठेवायचे. पण पासवर्ड एकालाही ठाऊक नाही! हिशेबाच्या कौशल्याबाई म्हणतात, "मले काय माहीत वं, तो तर आपला आपणच येत होता." ऑफिसातल्या भैय्याजींना मेलच्या खाली स्वतःचं नाव पूर्वीसारखं निळंच पाहिजे, त्यात माझा अर्धा दिवस गेला. डबा उघडायला चार वाजायचे. जरीपटक्याला घरी पोचले की आई विचारायची, काय केलं दिवसभर, आणि मला धड सांगताही यायचं नाही. खरं सांगू, या कामाचा मला वीट आला आहे. चाळिशी यायची आहे अजून, पण संध्याकाळी जिना चढताना मी म्हातारी होते.

वेळ वाचावा म्हणून मी एक केलं. प्रत्येकाचा 'डिलीट केलेले' हा कप्पा आधी रिकामा करायचा आणि मग बाकीचं न्यायचं. कचरा कशाला वाहून न्यायचा, हा माझा हिशेब. तुझ्या बाबांचं मशीन एकोणतिसावं होतं. रिकामं करताना स्क्रीनवर चौकटी येत गेल्या, एकीमागून एक, आणि मी 'होय, होय' दाबत गेले. वाचल्याशिवाय होय दाबू नका म्हणून साऱ्या ऑफिसवर ओरडणारी मी. त्या दिवशी मी एक ओळ वाचली नाही. डोळे उघडे होते एवढंच.

दुसऱ्या दिवशी तुझे बाबा, आनंदराव काका, माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. खालच्या डिस्पॅच खात्यातून ते कधी वर येत नाहीत, तुला माहीत आहे. म्हणाले, "वैदेही, त्या डिलीटमधलं कुठी गेलं वं?" मी चक्क हसले. म्हटलं, काका, कचरा होता तो. ते खुर्चीवर बसले आणि सांगू लागले. मग कळलं, काकांना जे जपून ठेवायचं असतं ते ते डिलीटमध्येच टाकतात. एक बटण दाबलं की समोरून जातं, आणि कचऱ्यात कोणी हात घालत नाही, म्हणून तिथं सगळ्यात सुरक्षित. तीन वर्षं हेच. मी दोन दिवस धडपडले. पण आमचा मेल एकदा उतरवला की सर्व्हरवर राहत नाही, आणि जुन्या डिस्क मी आपल्याच हातांनी पुसल्या होत्या. परत काही आलं नाही.

तेव्हा त्यांनी तुझं नाव घेतलं. काकूंच्या अंत्यसंस्काराला तू चारचौघांत त्यांना म्हणाली होतीस, की वेळेवर दवाखान्यात नेलं असतं तर आई वाचली असती. मी तिथंच होते. नंतर तू भोपाळला गेलीस, त्यांनी तुझे फोन घेणं सोडलं, आणि तू माफी मागायला त्यांच्या ऑफिसच्या मेलवर लिहीत राहिलीस, हे मला आत्ता कळलं. मी विचारलं, एकदाही उत्तर काहून नाही दिलं काका? तर म्हणाले, "काय लिहू? ते माफी मागून राहिली, अन् चूक त माझीच होती. उशीर मीच केला." एवढं बोलून ते रडले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

आता ऐक, मी हे काहून लिहिते आहे. तू प्रत्येक मेलला वाचल्याची पोच मागितली होतीस. त्या चौकटी हेच विचारत होत्या, की पाठवणाऱ्याला कळवू का; पुढच्या मशीनवर तसलीच एक आली तेव्हा कुठं मी ती वाचली. होय मी दाबलं, रोशनी, अकरा वेळा. 'न वाचता काढून टाकला' असे जे अकरा निरोप तुला एका दुपारी मिळाले, ते त्यांनी नाही, मी पाठवले. आणि ते खोटे आहेत. बाहेरून आलेला मेल उघडू नका, व्हायरस असतो, असं ट्रेनिंगमध्ये मीच सगळ्यांना बजावलं होतं. काका आज्ञाधारक माणूस. त्यांनी तुझा एकही मेल उघडला नाही, बाजूला जेवढा दिसतो तेवढ्यातच सरकवत सरकवत वाचला, म्हणून मशीनला तो कधी वाचलेला वाटलाच नाही. मला माफ करशील की नाही ते नंतर बघू. ते मेल पुन्हा पाठवू नकोस, त्यांना पाठ आहेत, मला त्यांनी म्हणून दाखवले. शेवटच्यात तू विचारलं होतंस, आईच्या स्मृतिदिनाला मी घरी येऊ का. त्याचं उत्तर त्यांनी माझ्याकडे दिलं आहे, जसंच्या तसं लिहिते: "तिले म्हणा, ये. इचारून काहून राहिली, घर तिचंच हाय."

तुझीच, चुकलेली,
वैदेही