म्हस्कूला परत आणण्याबद्दल

शिरूर

प्रिय अंकिता,

तू पाठवलेला गोष्टीचा नवा भाग मिळून बरेच दिवस झाले. मधे तुझे फोनही येऊन गेले, पण मला फोनवर धड बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. तू विचारलंस, ‘वहिनी, म्हस्कूला परत आणू का? तू हो म्हणालीस तरच हा भाग टाकते.’ अशा प्रश्नाला हो किंवा नाही म्हणून फोन ठेवून देणं मला जमेना. म्हणून लिहायला बसले. शाळेत मी निबंधाला कायम घाबरायचे, त्यामुळे मागचंपुढचं झालं तर सांभाळून घे.

इकडे सगळं ठीक आहे. आई सध्या माझ्याजवळ शिरूरला आहेत. आबा कवठ्यालाच. कांदा काढायला आलाय, आणि शेळ्यांना सोडून ते कुठे येणार. मला मार्केट यार्डाजवळ बियाण्यांच्या दुकानात बिलं करायचं काम मिळालं आहे. मी जाऊ की नको करत होते, तर आईच म्हणाल्या, “जा बाई. घरात भितीकडं बघत ऱ्हायलीस तर भित काय बोलणार हाय व्हय?” मग गेले. दुकानात बरं वाटतं. माणसं येतात, वाण विचारतात, उगवणीची तक्रार करतात. कोणी माझ्याकडे वाईट नजरेने किंवा कीव करून बघत नाही.

लग्न होऊन आले तेव्हाची एक गोष्ट तुला सांगितली नसेल. तुम्ही दोघं बहीणभाऊ जेवताना नभाडबद्दल इतकं साधं बोलायचा, की मला ते तुमच्या पाहुण्यांचं गाव वाटलं. कोणाचा ढग लंगडतोय, कोणाच्या पोरीचं लग्न मोडलं, कोणत्या वेशीवर भांडण झालं. शेवटी मी आईंना विचारलं, नभाड कुठं आलं, आपल्याला कधी जावं लागेल का. आई म्हणाल्या, “ह्या दोघांच्या डोस्क्यात हाय ते. तिथं एश्टी जात न्हाई.”

नंतर मला ते हळूहळू कळत गेलं. तुमच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. शेतकरी रात्री आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, खत मिळायचं, आणि त्याबदली धान्य द्यायचे. तुम्ही लहानपणी मेंढरांच्या जागी ढग घेतले. नभाडात पाऊस आपोआप पडतच नाही. मेंढके ढगांचे कळप हाकत गावोगाव फिरतात, आणि ज्याला पाऊस हवा तो रात्रभर आपल्या रानात ढग बसवून घेतो. किती साधं, पण मला ते फार आवडलं. मोठेपणी तुम्ही दोघं तेच भागाभागाने लिहून मोबाईलवर वाचकांसाठी टाकू लागलात. राजे, जादूगारीण, लढाया हे सगळं तुझ्याकडे होतं. तुझ्या दादांना त्यात रस नव्हता, त्यांचा जीव त्यांच्या म्हस्कू मेंढक्यात. तू एवढी मोठी लढाई लिहिलीस, सगळ्या वाचकांनी वाहवा केली, आणि ह्यांनी विचारलं काय, तर एवढं सैन्य सकाळी परसाकडं कुठं गेलं. तू चिडून म्हणालीस, “दादा, तुला लढाईत तेवढंच दिसलं का रे?” पण पुढच्या भागात तू त्याची सोय केलीस, हे मी पाहिलं होतं.

चुका त्यांच्याही व्हायच्या. म्हस्कूची बायको ढगाखाली बसून भाकरी भाजते असं त्यांनी लिहिलं होतं. तू ते कवठ्याला ओट्यावर वाचून दाखवत होतीस. आबा तंबाखू मळत ऐकत होते. ते म्हणाले, “ढगाखाली चूल पेटंल व्हय रं? सरपण भिजंल की.” आपण सगळे किती हसलो. मग ह्यांनी म्हस्कूच्या बायकोला कळपाच्या एक रान मागे ठेवलं. ती तिथे कोरड्यात चूल मांडते आणि संध्याकाळी भाकरी घेऊन पुढे येते. त्यामुळे ती नवराबायको दिवसातून एकदाच भेटतात. वाचकांना वाटलं, लेखकाने मुद्दाम दुःख घातलंय. खरं म्हणजे ते आबांच्या सरपणामुळे झालं.

मी पोळ्या लाटत असले की ते ओट्याशी उभे राहून मलाही विचारायचे. संध्याकाळी ढगाखाली भिजलेले म्हस्कूच्या बायकोचे कपडे वाळतात कुठे? मी म्हटलं, पहाटेच निघायचं तर वाळणार कधी, ओलेच घालते, म्हणून तिची कंबर धरते. ते लगेच मोबाईलवर टिपून घ्यायचे. पुढच्या भागात म्हस्कूच्या बायकोची कंबर धरलेली असायची, आणि म्हस्कू तिला शेक द्यायला विटकर तापवून आणायचा. विटकर आमच्या घरातली होती. हे तुला माहीत नसेल. त्यांनी मला कधी तोंडाने काही म्हटलं नाही, पण नभाडात म्हस्कूने बायकोला म्हटलेलं मी वाचत होते.

ते गेले त्या दिवसाबद्दल आपण दोघी कधी बोललो नाही. सणसवाडीहून येताना ते कंपनीच्या बसमध्ये मागच्या खिडकीशी डोळे मिटून बसायचे, नभाडचा विचार करत. सगळ्यांना सवय होती. त्या दिवशीही कोणी हलवलं नाही. शिरूर आल्यावर हाक मारली, तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. मी ते धरून बसले आहे.

तेराव्यानंतर तू दौंडला परत गेलीस आणि म्हस्कूला मारलंस. कळपात वीज जागी झाली आणि तो पडला. तुला वाटलं होतं मी चिडेन. मी चिडले नाही. मला रडायला एक जागा मिळाली. इथे सारखी माणसं होती, तिथे मी एकटी वाचत होते.

आणि आता हा भाग. उलट्या झऱ्याचं जादूचं पाणी शिंपडल्यावर म्हस्कू उठून बसतो आणि बायकोला म्हणतो, भाकरी आणलीस का. मी तो किती वेळा वाचला ते सांगत नाही. तू इतकं चांगलं आधी कधी लिहिलं नव्हतंस. वाचकही हेच मागतायत, हे तू म्हणालीस ते खरं असेल.

पण तुझे दादा असते तर त्यांनी काय विचारलं असतं, हे तुलाही माहीत आहे. ते म्हणायचे, जादू एकाला दिली की गावाला द्यावी लागते. झऱ्याच्या पाण्याने म्हस्कू उठला हे कळल्यावर नभाडात दुसऱ्या दिवशी काय होईल? जिचा मुलगा पुरात गेला ती कुंभारीण घागर घेऊन निघेल. प्रत्येक घरातून कोणीतरी निघेल. पाणी सगळ्यांना पुरणार नाही. मग ज्यांची पाळी आली नाही त्यांनी रोज सकाळी उठून काय करायचं? गेलेल्याचे कपडे देऊन टाकायचे की घडी करून ठेवायचे? पीठ मळताना त्याच्या वाट्याचं धरायचं की नाही? कोणाचं कामात लक्ष लागणार नाही. ढग बसवायला कोणी बोलावणार नाही. सगळं गाव वाटेकडे बघत बसेल.

हे झालं त्यांच्या बाजूचं. माझं स्वतःचं कारण लिहायला एवढी पानं लागली. तुझा भाग वाचल्यापासून मी रोज संध्याकाळी बायपासच्या फाट्यावर जाते. आईंना सांगते, भाजी आणते. सणसवाडीची बस येते, माणसं उतरतात, मला बघून मान खाली घालतात. सगळी उतरली की मी मागच्या खिडकीकडे बघते. बस निघून गेली की भाजी घेऊन येते. आधी मी असं कधी केलं नव्हतं, अगदी पहिल्या आठवड्यातही नाही. काल पिशवी ठेवताना आई म्हणाल्या, “दोघींना रोज कशाला लागती गं एवढी भाजी?” त्यांना माहीत आहे. अंकिता, तुला भाऊ हवाय, हे मला कळतं. माझ्याइतकं दुसऱ्या कोणाला कळणार? पण तू त्याला तिकडे उठवलंस तर मी इकडे फाट्यावर जात राहीन. नको आणूस त्याला. तो भाग माझ्याजवळ राहू दे, वाचकांना देऊ नकोस. हे पत्र आता कोपऱ्यावरच्या पेटीत टाकते आणि तिथूनच घरी परत येते. बसची वेळ झाली आहे.

तुझीच,
वहिनी