बोलायच्या आधी फासा

पुणे, ४ जानेवारी २०२५

ती. सौ. साधनाआत्यास वैभवीचा सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते. माझ्या खेळाची दुसरी आवृत्ती काढतेय. जऊळक्यात दर रविवारी तुम्ही खेळता तोच. तुझी सून रूपालीवहिनी गोष्ट सांगते आणि तुम्ही सगळे त्यातली पात्रं होता. नवा नियम असा, की कोणाला काही पटवायचं तर आधी वीस बाजूंचा फासा टाकायचा. बारा किंवा जास्त पडले तरच समोरचा ऐकेल.

खरं सांगते, नियम तुझ्यामुळेच करावा लागला. खेळातल्या तुझ्या वैदीणबाईनं वर्षभरात एकही लढाई होऊ दिली नाही. किल्ल्यावरच्या राक्षसाची तर तू सोयरीकच जमवलीस म्हणे. खेळून बघा आणि कळव. रागावलीस तरी लिही.

तुझी,
वैभवी

जऊळका, १३ जानेवारी

चि. वैभवीस अनेक आशीर्वाद.

असा कसा वं तुझा नियम? मी घसा कोरडा करून समजावून सांगू, आन फासा म्हणेल पटलं नाही! हेच रूपालीले सांगून राह्यली होती, तं तिनं मलेच फासा टाकाले लावला. तीन पडले.

आता पुढचं आयक. तुझे मामाजी, म्हंजे आमचे हे, बोलताना अडखळतात, म्हणून खेळात त्यायचा शिलेदार वर्षभर घोडा धरून उभा होता. काल नावाडी आमाले नदीपार नेईना. माह्ये चार पडले. मंग ह्यायनं गुपचूप फासा उचलला. एकोणीस! रूपाली म्हणे, नावाड्याले पटलं, आता काय बोलले थे सांगा.

आन हे बोलले. थांबत, अडखळत, पण शेवटपर्यंत. पटलं तं होतंच, मंग घाई कायची? नावाड्याच्या आजारी बैलाचीही चौकशी केली. सवयीनं मी त्यायचं वाक्य पुरं कराले गेली, तं म्हणाले, "थांब साधना. फासा माझा आहे."

एकतीस वर्षांत मले पहिल्यांदा थांबवलं. मी थांबली.

नियम राहू दे. फक्त बाराचे दहा कर. मी सांगितलं म्हणून कोणाले बोलू नको.

तुझ्यावर जीव आहेच, नियमावर बसायचा आहे.
तुझी आत्या

पुणे, २० जानेवारी

ती. आत्यास सा. न.

बाराच ठेवलेत. कारण तुझ्या पाठोपाठ मामाजींचं दोन पानी पत्र आलं. त्यांचं म्हणणं, साधनापुरते पंधरा करावेत.

दोघांची लाडकी,
वैभवी