दार फोडण्यास आतून सही मिळणेबाबत

प्रति,
मा. अभिरक्षक साहेब,
नमुना-वस्त्र अभिलेखागार, सोलापूर.
(सध्या मुक्काम : अभिलेख कक्ष, दाराची आतली बाजू)

विषय : विजेच्या कुलुपाचे दार फोडून मा. साहेबांना बाहेर काढण्यास मा. साहेबांचीच लेखी पूर्वपरवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपला मेमो क्रमांक १४.
२) अर्जदाराचा आजचाच चार ओळींचा अर्ज व त्यावर दाराखालच्या फटीतून परत आलेला आपला शेरा : "आवक क्रमांक नाही. कारणे त्रोटक. सविस्तर सादर करावे."

महोदय,

१. वरील शेऱ्यास अनुसरून अर्जदार त्रिंबक सिद्राम हत्तुरे, या कार्यालयातील वायरमन, अकरा वर्षे रोजंदारीवर व गेल्या चैत्रापासून कायम, आता सविस्तर सादर करीत आहे. आवक क्रमांक हिंदुराव कारकुनांनी घातला आहे. आज खंडेनवमी असल्याने आवक रजिस्टरही पूजेत मांडले होते, पण ते उचलायला कोणी हरकत घेतली नाही. नमस्कार करून उचलले, क्रमांक घातला, पुन्हा जागेवर ठेवले. ही गोष्ट येथे नोंदवून ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

२. दाराला विजेचे कुलूप का आले, हे आपणांस माहीत आहे; तथापि सविस्तर म्हटल्यावर सुरुवातीपासून लिहिणे भाग आहे. या कक्षात जिल्ह्यातल्या मागांवरच्या चादरी, टॉवेल व लुगडी यांचे नमुने ठेवले जातात. गेल्या वर्षी त्यातली वाघाची चादर नाहीशी झाली. चौकशी बसली, शिपाई बिरप्पा यांच्या घरची ट्रंक उघडून पाहण्यात आली. पुढे सदर वाघ साहेबांच्या जीपच्या मागच्या सीटवर पसरलेला आढळला, तेव्हा चौकशी उठली आणि कक्षाला अधिक मजबूत कुलूप बसवावे असा निष्कर्ष निघाला. अर्जदाराने त्या वेळीही निष्कर्षाविषयी काही म्हटले नव्हते, आजही म्हणत नाही.

३. कुलूप पुण्याहून आले. बरोबर कंपनीचा माणूस आला, त्याने दोन कप चहा घेतला, एक छापील इंग्रजी कागद अर्जदाराच्या हातात दिला आणि दुपारच्या गाडीने तो परत गेला. अर्जदाराचे इंग्रजी फ्यूज आणि मेन स्विच यांच्या पलीकडे जात नाही. म्हणून रविवारी तो पदरमोड करून मोहोळला गेला व तेथे हायस्कुलात इंग्रजी शिकवणाऱ्या मेव्हण्याकडून कागद ओळीने वाचून घेतला. कागदात सांगितलेल्या गोष्टी थोड्याच होत्या. वीज गेली तर आतल्या माणसाला दार उघडता आले पाहिजे. त्यासाठी दाराच्या आतून हाताने ओढायचा एक खटका बसवावा. अडीअडचणीची चावी दाराच्या बाहेर, काचेच्या पेटीत, सर्वांना दिसेल अशी ठेवावी. आणि कुलुपाच्या विजेच्या डब्याजवळ पाणी नेऊ नये.

४. अर्जदाराने नऊ दिवस खपून तसे केले. दहाव्या दिवशी साहेबांनी पाहणी केली व आतला खटका पाहून विचारले, "हत्तुरे, हा कशाला?" अर्जदार म्हणाला, "साहेब, आत माणूस अडकला तर." त्यावर आपण म्हणालात, "आत माणूस नसतो. आत नमुने असतात. उद्या चोर आत शिरला तर त्याला बाहेर पडायची सोय शासनाने करून ठेवायची का?" अर्जदाराला हा विचार सुचला नव्हता. चोर आत शिरताना कुठून शिरेल हे विचारायचे त्याच्या जिभेवर आले होते, पण कायम होऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

५. सबब आपल्या आदेशाने आतला खटका काढला. वीज गेल्यास दार बंदच राहील अशी जोडणी करविली, कारण चोर फ्यूज काढील. अडीअडचणीची चावी ही महत्त्वाची चावी असल्याने ती महत्त्वाच्या ठिकाणी, म्हणजे अभिलेख कक्षाच्या आत, कपाटात ठेवण्यात आली. चावीचे भोक मात्र कंपनीने दाराच्या बाहेर केले आहे, त्याला अर्जदाराचा इलाज नाही. सकाळपासून आपण ती चावी दाराखालून सरकवण्याचा प्रयत्न करीत आहात. तिचे डोके जाड आहे, फट पातळ आहे. त्या फटीतून फक्त कागद जातो, आणि कागद तर आपण परत पाठवता.

६. खटका न विचारता बसविल्याबद्दल अर्जदारास मेमो क्रमांक १४ मिळाला. त्यातले वाक्य अर्जदाराच्या घरात सर्वांना पाठ आहे : "यापुढे सदर कुलूप, दार अथवा चौकट यांस लेखी पूर्वपरवानगीशिवाय हात लावल्यास सेवेतून कमी करण्यात येईल." म्हणून आज साडेअकरापासून अर्जदार दारासमोर हात पाठीमागे बांधून उभा आहे. हे उद्धटपणाने नाही, मेमोप्रमाणे आहे.

७. आता आजची हकीकत. खंडेनवमीच्या मुहूर्तावर कुलुपाची पूजा करावी, पूजा होताच विजेने दार उघडावे आणि साहेबांनी आतून बाहेर पाऊल टाकावे, बाहेर कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवाव्यात, असा कार्यक्रम आपण ठरविलात. आपण आत गेलात, दार लागले. नारळ पायरीवर फोडावा असे अर्जदार म्हणाला होता. पण आपण आत जाण्यापूर्वी बिरप्पा यांना बजावले होते, "यंत्र सरकारी आहे, त्याचा मान त्यालाच मिळाला पाहिजे," सबब बिरप्पा यांनी नारळ विजेच्या डब्याच्या कोपऱ्यावरच फोडला. नारळ चांगला निघाला, पाणी भरपूर होते. डब्यातून निळा जाळ उठला, जळका वास आला, सगळ्या इमारतीचे पंखे थांबले. कर्मचाऱ्यांना हाच कार्यक्रम असावा असे वाटून त्यांनी टाळ्या वाजविल्या. टाळ्या थांबल्यावर आतून आपला आवाज आला, "हत्तुरे, दार उघडा."

८. डबा आतून जळाला आहे. ओल्या डब्यात पुन्हा वीज सोडली तर दार उघडणार नाही, चौकट लोखंडी असल्याने उलट जिवावर बेतेल. तेव्हा मेन स्विच बंद करून त्यावर अर्जदाराने पाटी लावली आहे. आता एकच उपाय राहतो, छिन्नी-हातोड्याने खिट्टीची पट्टी तोडणे. अर्ध्या तासाचे काम आहे. पण हातोडा, छिन्नी, पक्कड ही सर्व हत्यारे पूजेत आहेत आणि बिरप्पा त्यांच्यापुढे मांडी घालून बसले आहेत. त्यांचे म्हणणे असे, "आज हत्याराला हात लावायचा न्हाय. उद्या शिलंगण झाल्यावर तुमी काय फोडायचं ते फोडा की. सायबाला एक दिवस काय हुतंय? माझी ट्रंक तर चार दिवस उघडी पडली हुती." उद्या दसऱ्याची सुट्टी आहे व परवा रविवार. बिरप्पा यांच्या बोलण्यात भक्ती किती आणि ट्रंक किती, हे अर्जदार सांगू शकत नाही. रजिस्टर उचलता येते तर हातोडा का नाही, असे अर्जदाराने विचारले. बिरप्पा म्हणाले, "रजिस्टरनं कुणाचं काय तुटतंय?" यावर हिंदुराव कारकुनांना राग आला, व पंधरा मिनिटे त्यात गेली.

९. पहिला अर्ज परत आल्यानंतर, आपला वेळ वाचावा म्हणून अर्जदाराने परवानगीचा मसुदाच तयार करून आत सरकवला होता. त्यात एकच वाक्य होते : "दार फोडण्यास परवानगी देण्यात येत आहे." खाली सहीची जागा सोडली होती. तो मसुदा आता दुरुस्त होऊन आला आहे. आपण लिहिले आहे : "वायरमन हत्तुरे यांच्या सदोष जोडणीमुळे दार अडकले असल्याचे त्यांनी मान्य केले असल्याने दार फोडण्यास परवानगी देण्यात येत आहे." खाली आपली सही नाही. आधी अर्जदाराची सही हवी, मग आपली, असे फटीतून तोंडी कळविले आहे. वर झरोका वीतभर, पंखा बंद, डांबरगोळ्यांचा वास, अशा अंधारात इतके मुद्देसूद वाक्य लिहिणे हे सोपे नाही. अर्जदाराला साहेबांचे कौतुक वाटते.

१०. पण अर्जदार त्यावर सही करणार नाही. सही केली तर मेमो क्रमांक पंधरा लिहिण्याचे कष्टही साहेबांना पडणार नाहीत. नोकरी त्या एका वाक्यातच गेली. सही न करता हात लावला तर ती मेमो चौदाप्रमाणे जाते. यास्तव अर्जदाराची नम्र विनंती अशी की, आपण मूळ एका वाक्याखाली सही करावी. अर्जदाराला घाई नाही. तो सकाळी जेवून आला आहे. आपणांस घाई असल्यास तसे अर्जाच्या समासात नमूद करावे.

११. (पान उलटावे.) वरचा परिच्छेद लिहून झाल्यावर, पाऊण वाजता, अर्जदार अर्ज आत सरकवायला फटीशी वाकला. तेव्हा आतून साहेबांचा नव्हे, दुसऱ्याच माणसाचा खोकला आला. अर्जदाराने विचारले, आत कोण आहे. साहेब म्हणाले, "कोणी नाही." मग अगदी फटीजवळून, जमिनीला तोंड लावून कोणीतरी बोलले, "तिरंबक, मी हाय रे. काशम्मा. सायेब बोलू नको म्हनले म्हून गप हुते. आता दम घ्याया येईना."

१२. काशम्मा या कार्यालयात झाडलोट करतात. वय साठीच्या आसपास, दम्याचा त्रास जुना, आणि नवरात्राचे उपास. अर्जदार रोजंदारीवर होता तेव्हा पहिली दोन वर्षे दुपारची भाकरी त्यांनी आपल्या फडक्यातून त्याला दिली आहे. त्या आत कशा, हे त्यांनी थांबून थांबून सांगितले. मुहूर्तापूर्वी रॅक पुसायला साहेबांनीच त्यांना आत पाठविले होते. त्या बाहेर पडणार तोच साहेब आत आले, दार लागले. साहेबांनी त्यांना मागच्या रॅकआड उभे केले. "दार उघडल्या उघडल्या रांडमुंड बाई दिसाया नको म्हनले. मी म्हनलं बरं." त्या सव्वा तास रॅकआड उभ्या होत्या. साहेब अर्जावर शेरे मारीत होते तेव्हाही उभ्या होत्या. अर्जदार बाहेर मजेत एकेक परिच्छेद रंगवीत होता तेव्हाही उभ्याच होत्या.

१३. ही शेवटची गोष्ट अर्जदाराला फार लागली आहे. साहेबांना तासभर अंधारात ठेवण्यात त्याला जी मौज वाटत होती, तिची किंमत आत दुसरेच कोणी देत होते, हे त्याला कळले नाही. आतल्या माणसासाठी खटका हवा असे म्हणणारा तोच, आणि आत माणसे किती आहेत हे त्याने एकदाही विचारले नाही. साहेबांनी त्यांना लपविले ते लपविलेच, पण बाहेरच्यांपैकीही कोणाला काशम्मा दिसत नाहीत म्हणून चुकल्यासारखे वाटले नाही. याची शरम अर्जदारास आहे व ती तो लेखी देत आहे.

१४. बिरप्पा यांना एवढे सांगितले, "आत काशम्मा हाय." ते उठले, पूजेतला हातोडा उचलून कपाळाला लावला आणि अर्जदाराच्या हातात दिला. छिन्नीही दिली. कुंकू पुसलेले नाही.

१५. सबब वरील विषय अर्जदार रद्द करीत आहे. परवानगी नको. आपला दुरुस्त मसुदा सही न करता परत करीत आहे. मेमो क्रमांक १४ प्रमाणे जे व्हायचे ते सोमवारी कार्यालय उघडल्यावर करावे, अर्जदार वेळेवर हजर राहील. त्याच्या बायकोला काय सांगायचे हे त्याने अजून ठरविलेले नाही, पण तो प्रश्न या कार्यालयाचा नाही.

१६. काशम्मांना तोंडी सांगितले आहे की फटीशी तोंड ठेवून पडून राहावे, पट्टी वरच्या अंगाला आहे, फटीकडे ठिणगी येणार नाही. बाहेर पाण्याचा तांब्या भरून ठेवला आहे. कर्मचारी सकाळचे टाळ्यांसाठी उभे होते, ते अजून उभे आहेत. दार उघडताच पहिल्या काशम्मा बाहेर येतील. तोपर्यंत साहेबांनी कृपया मागच्या रॅकआड थांबावे.

मेमोचा आजच्या पाऊण वाजेपर्यंत मान राखलेला,
आपला नम्र,
त्रिंबक सिद्राम हत्तुरे, वायरमन

सोलापूर, खंडेनवमी, शके १८९५ (सन १९७३)
दुपारी एक वाजण्यास पाच मिनिटे

सोबत :
१) मेमो क्रमांक १४, मूळ प्रत.
२) परवानगीचा मसुदा, आपल्या दुरुस्तीसह, सहीविना.
३) आतल्या बाजूचा खटका, एक नग. आदेशाप्रमाणे काढून अर्जदाराने तेल लावून जपून ठेवला होता. फटीतून जात नसल्याने दार उघडल्यावर समक्ष सादर केला जाईल.