खंड्याला संगं काहून नेलं

आत्याबाई,

तुमी देवळातून येईस्तोवर आमी निघालेले असू. तोंडावर सांगितलं असतं तर तुमी परत म्हणला असता, चिखलदऱ्याला फिरायला कुत्रं काहून नेता. भाकरी टोपल्यात झाकून ठेवल्यात. म्हशीला दुपारी पाणी दाखवा. अन् आमच्या माघारी तो पाळणा कुणाला देऊन टाकू नका.

दवाखान्यातून रिकाम्या हातानं आलो, तवापासून तुमचा लेक माझ्याशी सरळ एक शब्द बोलला न्हाई. चहा पाहिजे असला की खंड्याला म्हणतात, "सांग तुझ्या मायला." मीबी खंड्यालाच म्हणते, "तुझ्या बापाला सांग, साखर संपली." तुमाला वाटायचं, लेक-सून कुत्र्याचे लाड करून राहिले. त्याला घरी ठेवला तर एवढ्या रस्त्यात आमी कुणाच्या तोंडून बोलायचं?

मला लई भ्याव वाटून राहिलं, आत्याबाई. यांना रात्री झोप न्हाई, अन् पुढं सगळा घाट. खंड्याला गाडी लागली तर तेवढ्यापुरतं तरी थांबतील. पोचल्यावर फोन करते. न्हाई आला तर रेंज नसंल म्हणून समजा, मामांजींना काळजीत पाडू नका.

हे गाडी चालू करून बसलेत. आत्ता बाहेरून हाक आली, "मंजू, येती न्हवं?"

खंड्या तर इथं माझ्या पायापाशी बसलाय.

येते.

मंजुषा