उंची कळायला माणूस

प्रिय अप्पा,

आज पुन्हा वेस्टकापेलेला, त्या दीपगृहाच्या गावी, आलेय, आणि समुद्रावरून पुन्हा तसंच धुकं आलंय. गाडीत बसून फोनवर हे लिहितेय. तुमचा जावई समीर बाहेर ट्रायपॉड आवरतोय. पुढच्या आठवड्यात मी रत्नागिरीला येतेय, तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. आधी विमानं बंद होती, मग माझंच धाडस होईना. पण घरात पाऊल टाकण्याआधी तुमच्या शेवटच्या मेसेजला उत्तर द्यायला हवं. वर्ष झालं हो त्याला!

आठवतं ना? गेल्या एप्रिलमध्ये मी तुम्हाला इथल्या मनोऱ्याचा फोटो पाठवला होता. लोकांनी त्याच्या डोक्यावर दिवा बसवून दीपगृह केलं, पुढे चर्च जळून गेलं, आणि मनोरा तेवढा राहिला. सूर्य मावळत होता, पण धुक्यात दिसत नव्हता. जुन्या विटा नुसत्या तांबूस झाल्या होत्या. संचारबंदीच्या आत आइंडहोवनचं घर गाठायचं म्हणून समीर हॉर्नवर हॉर्न देत होता, आणि मी दोन तास थांबून तो एक फोटो मिळवला. किती खूश होते मी!

आणि तुम्ही काय लिहिलंत? "छान. पण उंची कळत नाही. माणूस उभा कर."

असा राग आला! जन्मभर बांधकाम खात्यात ओव्हरसियर तुम्ही. पूल असो, शाळा असो, फोटोत शेजारी कुणीतरी उभं हवंच, म्हणजे बघणाऱ्याला माप कळतं. सुट्टीत ते काम माझ्याकडे असायचं. "मनू, सरळ उभी राहा. हलू नकोस." तालुक्यातल्या निम्म्या साकवांशेजारी मी फ्रॉक घालून, घामाघूम होऊन उभी आहे!

मी फटकन लिहिलं, "अप्पा, हा कलात्मक फोटो आहे, साइटचा नाही."

खरं सांगू? त्या फोटोत माणूस होता. कुत्रा घेऊन चाललेला एक म्हातारा. मीच त्याला कॉम्प्युटरवर पुसून टाकलं, मनोरा एकटा छान दिसतो म्हणून.

मग तुमचा मेसेज आला: "बरं. तू तरी उभी राहायचंस. दिसली असतीस."

मी वाचला आणि ठेवून दिला. नाकावर राग होता. उद्या बोलू, म्हटलं.

दोन वर्षं तुम्ही मला धड पाहिलं नव्हतं. दिवसभर ऑफिसचे कॉल झाले की मला स्क्रीनचा वीट यायचा, म्हणून व्हिडिओ कॉलऐवजी तुम्हाला आपले इमारतींचे फोटो पाठवायची. पण तुम्हीही सरळ का नाही म्हणालात, "मनू, तुला बघावंसं वाटतंय"? त्यात माप कशाला आणायचं? तुमचं सगळंच आडवळणाचं!

चौथ्या दिवशी तुम्हाला ऑक्सिजन लागला. आई पॉझिटिव्ह, घरात एकटी. नंतर चुलतभावाने, नंदूने, स्मशानात लांबून काढलेला व्हिडिओ पाठवला. पांढऱ्या किटमधली चार माणसं, आणि मध्ये तुम्ही. माणसं होती, पण त्यांत आपलं एकही नव्हतं. पाच फूट दहा इंच तुमची उंची, आणि केवढेसे दिसत होतात! तो व्हिडिओ मी अजून पुसलेला नाही. पाहवतही नाही.

आत्ताच मनोऱ्याच्या पायथ्याशी उभी राहून आले. समीर म्हणाला, "अगं, जरा हस तरी." म्हटलं, साइटवर हसत नाहीत. सरळ उभी राहिले. हलले नाही. डोळ्यांतून पाणी आलं तरी पुसलं नाही.

फोटो तुमच्याच नंबरवर पाठवलाय. एकच टिक आलीय. मनोऱ्याचं टोक धुक्यात गेलंय, तेव्हा उंची याही वेळी कळायची नाही. पण खाली मी आहे, अप्पा. पाच फूट दोन इंच. स्वयंपाकघराच्या चौकटीवर तुम्हीच पेन्सिलने खूण केली होतीत.

यापुढे फोटोतून कुणालाही पुसणार नाही, कानाला खडा. आणि आईने कसलाही फोटो मागितला, अगदी इथल्या बटाट्यांचा मागितला, तरी शेजारी मी उभी असेन.

तुमची, मापाला उभी,
मनू